धूर गेला, ओढही गेली

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेले होते. या दिवसांत डिचोलीतल्या आमच्या गॅरेजात वायपर, ब्रेक आणि गळक्या दारांची कामे असतात. त्यात सत्तरी तालुक्यातला एक तरुण वडिलांची डिझेल स्विफ्ट घेऊन आला. १२४८ सीसीचे इंजिन, गाडी जुनी पण निगुतीने ठेवलेली. काजूच्या बागायतीपासून वाळपईच्या बाजारापर्यंत तिचीच धावपळ.

"मेस्त, चढावर गाडी खेचतच नाही. पण आधी काळा धूर मारायची, तो मात्र मी बंद केला," तो म्हणाला.

दुरुस्त काय झाले हे गिऱ्हाईक स्वतःहून सांगते तेव्हा मी जास्त लक्ष देऊन ऐकतो. दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो.

बॉनेट उघडले तर कंपनीचा हवेच्या फिल्टरचा डबाच नव्हता. त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर. तिथून टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे, जाणारा पाइप पावसाळी पाण्याच्या पीव्हीसी नळीचा. बंपरच्या खालच्या जाळीतून दुसरी नळी वर आणून तिचे तोंड फिल्टरजवळ सोडलेले, थंड हवा मिळावी म्हणून. इंजिनच्या बाजूने ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून आडोसा केला होता आणि त्याच्या कडेला रबरी पट्टी. काम हाताचे होते, पण मन लावून केलेले. पत्र्याची कड इतकी सफाईने दुमडली होती की मी बोट फिरवून पाहिले.

"कशासाठी केलेस हे सगळे?"

"गाडी ओढत नव्हती आणि धूर यायचा. धूर म्हणजे हवा कमी पडते, असे वाचले होते. मग हवा वाढवली."

त्याचा तर्क चुकीचा नव्हता. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिन त्याहून जास्तच घेते. हवा अपुरी पडली की न जळलेला कार्बन काळा होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतो. प्रश्न एवढाच होता की हवा अडत कुठे होती, आणि ते कोणी पाहिले नव्हते.

पहिली गोष्ट सापडली ती सेन्सरपाशी. या इंजिनात फिल्टरनंतर हवा मोजणारा सेन्सर असतो. आत येणारी सगळी हवा तो मोजत नाही. त्याच्या बारीक खिडकीतून जेवढी वाहते तेवढ्यावरून संगणक एकूण हवेचा हिशेब करतो, आणि तो हिशेब एका ठरावीक व्यासाच्या नळीसाठीच बांधलेला असतो. पोराने सेन्सर मूळ नळीतून काढून पीव्हीसीत बसवला होता. ती नळी आतून सव्वापट रुंद. व्यास सव्वापट झाला की आतली जागा दीडपटीहून जास्त होते. हवा तेवढीच असली तरी सेन्सरसमोरून ती सावकाश जाते, आणि संगणकाला वाटते की हवा जेमतेम दोन-तृतीयांश उरली. मग तो काय करतो? धूर होऊ नये म्हणून डिझेल कमी सोडतो.

म्हणजे डिझेल कमी झाल्यामुळे धूर गेला होता. हवा वाढली नव्हती, आणि ओढ होती तीही गेली.

हे सांगितल्यावर तो काही वेळ त्या नळीकडेच पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मूळचा दोष अजून गाडीतच आहे?"

मला तो मुलगा तिथे आवडला. बहुतेक जण अशा वेळी केलेल्या कामाची बाजू घेत बसतात.

खालची नळी उपसली तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. नळीत लाल चिखलाची रेघ होती, तोंडापासून वर थेट वळणापर्यंत. वळणाच्या पलीकडे शिंतोडे आणि फिल्टरचा खालचा भाग ओला. आदल्या संध्याकाळी ओढ्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून त्याने गाडी काढली होती. पाणी चाकाच्या निम्म्याखालीच होते, पण गाडी पुढे जाताना बंपरपुढे लाट उठते आणि नळीचे तोंड नेमके तिथे. आणखी वीतभर पाणी असते तर इंजिनने ते ओढले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. हे नुकसान साध्या विम्यात सहसा बसतही नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कसा पाऊस कोसळतो ते सत्तरीतल्या माणसाला मी काय सांगणार! कंपन्या हवेचे तोंड वर, हेडलाइटच्या उंचीला ठेवतात त्याचे मोठे कारण हेच.

"ही नळी आत्ता, माझ्यासमोर निघेल," मी म्हटले. त्याने स्वतः पाना घेतला.

जुना डबा त्यांच्या माळ्यावर होता. घरी फोन गेला आणि दुपारच्या कदंब बसमधून पोत्यात बांधलेला डबा, सेन्सरच्या मूळ नळीसकट, डिचोली स्टँडवर उतरला. आतला कागदी फिल्टर लाल मातीने विटेसारखा झाला होता. खाणीच्या भागात आणि काजूच्या रस्त्यांवर ही धूळ फार. कंपनीने सांगितलेल्या अंतरापर्यंत इथे फिल्टर पोचतच नाही. तो टाकून नवा घातला.

आता डबा लावून त्याला घरी पाठवता आले असते. पण त्याला खरे कळायला हवे होते, आणि मलाही बघायचे होते. गवंडी लेव्हल धरायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, प्लायवूडच्या तुकड्यावर इंग्रजी यू अक्षरासारखी बांधली, मध्ये फूटपट्टी लावली आणि पाण्यात थोडी नीळ टाकली. टर्बोआधीच्या रबरी पाइपात बारीक निपल बसवून नळीचे एक टोक त्याला जोडले, दुसरे मोकळे ठेवले. इंजिन जेवढ्या जोराने हवा खेचते तेवढे पाणी एका बाजूला चढते. फिल्टरमध्ये अडथळा किती, ते सेंटिमीटरमध्ये समोर दिसते. गाडीच्या संगणकातले आकडे वाचायचे जे ओबीडी सॉकेट असते त्याला स्कॅनर लावला, आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहायला.

केरीहून चोर्ल्याच्या घाटाला लागलो. तुलना बरोबरीची व्हावी म्हणून सेन्सर दोन्ही वेळा मूळ नळीतच ठेवला. आधी त्याचा उघडा फिल्टर. तिसरा गिअर, पूर्ण ॲक्सिलरेटर, इंजिन ३००० फेऱ्यांवर. मी गाडी चालवत होतो आणि तो मांडीवर प्लायवूड धरून आकडे ओरडत होता. पाण्यातला फरक ९ सेंटिमीटर. स्कॅनरवर आतली हवा ५१ अंश. अंजुणे धरणाच्या बाजूला थांबून कंपनीचा डबा चढवला आणि तोच चढ पुन्हा घेतला. आता फरक १८ सेंटिमीटर, हवा ३३ अंश. बाहेर २८ होते.

"मेस्त, माझा फिल्टर निम्म्याने कमी अडवतो!" तो एकदम म्हणाला. खरेच होते ते. मग आम्ही धुक्यात गाडी बाजूला घेऊन हिशेब केला. वातावरणाचा दाब पाण्यात मोजला तर दहा मीटरच्या जरा वर भरतो. त्यात ९ सेंटिमीटर वाचवले म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. उलट हवा १८ अंशांनी तापली. साधारण तीन अंशांमागे हवा एक टक्का विरळ होते, म्हणजे इथे साडेपाच टक्क्यांच्या आसपास गेले. इंटरकूलर पुढे ती हवा थंड करतो हे खरे, पण टर्बोच्या वाट्याला सुरुवातीलाच पातळ हवा येते. पत्र्याचा आडोसा चांगला होता, फक्त वरून आणि पुढून उघडा. बॉनेटखालची सगळी गरमी तिथून आत येत होती.

आणि सेन्सर मूळ नळीत आल्यापासून आरशात काळा धूर पुन्हा दिसत होता. मला तोच हवा होता. दोष आता लपलेला नव्हता.

गॅरेजात येऊन टर्बोनंतरची लाइन बंद केली, टोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेले बूच ठोकले आणि कॉम्प्रेसरने बेताची हवा भरली. सगळीकडे साबणाचे पाणी. टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी होजवर क्लँपच्या कडेला तेलात मळलेल्या धुळीचा डाग होता, तिथे फेस उसळला. होज हातात घेऊन वाकवला तेव्हा चीर दिसली, नखाएवढी. इंजिन नुसते सुरू असताना ती मिटलेली असते. दाब आला की तोंड उघडते. सेन्सरने मोजलेली हवा सिलिंडरला पोचण्याआधीच तिथून निसटत होती, संगणक डिझेल मात्र मोजलेल्या हवेप्रमाणे सोडत होता. म्हणून धूर, म्हणून ओढ नाही. हवा मागून गळत होती आणि सगळी मेहनत पुढे चालली होती.

टर्बोचे तोंड उघडे होते म्हणून आत बोट फिरवले. बोटाला लाल भुकटी लागली. त्या स्वस्त फिल्टरची कड पाइपावर नीट बसत नव्हती. पात्यांच्या कडा अजून शाबूत होत्या, शाफ्टलाही खेळ नव्हता. एक हंगाम असाच गेला असता तर टर्बोचे काम निघाले असते, आणि त्याचा खर्च त्या घराला जड गेला असता.

नवा होज टाकला, निपलचे भोक बुचाने बंद केले. संध्याकाळी साखळीच्या रस्त्याने फिरवून आणली तेव्हा धूर नव्हता आणि तिसऱ्या गिअरात गाडी मोकळी पळत होती.

त्याचे काम मी सगळे टाकू दिले नाही. कंपनीच्या डब्याला हवा आणणाऱ्या नळीचे तोंड आणि पुढची पट्टी यांमधला फोम कुजून गेला होता. तिथून गरम हवा शिरते. त्याने आपली रबरी पट्टी कापून ती फट बुजवली, आणि पत्र्याचा आडोसा डबा व इंजिन यांच्यामध्ये नव्याने बसवला. स्कॅनरवर आकडा ३१ आला. खर्च जवळजवळ नाही, पाण्याचा धोका नाही आणि सेन्सरला हात लागला नाही. घरी करण्याजोगी सुधारणा म्हणून मला हीच पटते.

निघताना तो म्हणाला, पावसाळ्यानंतर डब्यावर अजून काम करायचे आहे, आतल्या वळणावरची धारदार कड घासून गोल करायची. मी म्हटले, जरूर कर, पण तोंड हेडलाइटच्या खाली नेऊ नकोस, सेन्सरची नळी बदलू नकोस, आणि आधी व नंतर पाण्याच्या नळीवर आकडा घे. प्लायवूडचा तुकडा त्याने मागून नेला.