‘काहीतरी खटकतंय’ याच्या पुढे

डिजिटल कॅरेक्टर पेंटिंग कुणाला दाखवलं की एक तर ‘कडक!’ ऐकू येतं, नाहीतर ‘चेहरा जरा विचित्र वाटतोय.’ पहिल्यातून हाती काही लागत नाही. दुसऱ्यातून लागू शकतं, पण खणावं लागतं. बघणाऱ्याला खटकलं ते खरंच असतं; का खटकलं याचं त्याने सांगितलेलं कारण मात्र बऱ्याचदा चुकीचं निघतं.

समजा, चित्रात ससून डॉकवर पहाटे उभी असलेली कोळीण आहे. डोक्यावर मासळीची पाटी, एक हात पाटीला, दुसरा कमरेवर. अभिप्राय येतो, ‘कमरेवरचा हात चुकलाय.’ मग बोटं पुसून पुन्हा काढली जातात, पुन्हा पुसली जातात. दुखणं असतं भलतीकडेच. हातावरची सावली आणि मागचं लुगडं सारखंच गडद झालेलं असतं, त्यामुळे मनगट कुठे संपलं आणि कापड कुठे सुरू झालं ते डोळ्याला कळत नाही. हे तपासायला सगळ्यात वर एक लेयर (चित्राचा वेगळा थर) घ्या, तो काळ्याने भरा आणि त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, ‘कलर’ करा. चित्र करडं होईल. त्यात हात गायब झाला, तर दोष व्हॅल्यूचा, म्हणजे रंगाच्या उजळ-गडदपणाचा आहे, शरीररचनेचा नाही. बोटांना हात लावायची गरज नाही. मागचं कापड थोडं उजळलं की काम होतं. करड्यातही हात स्पष्ट दिसतोय आणि तरी खटकतोय, तर मग प्रमाण बघा. हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत चेहरा जेवढा, साधारण तेवढाच हात, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

‘पाटी जड वाटत नाही’ हेही असंच. लोक पाटीत आणखी मासे रंगवत बसतात. त्याआधी पाटीच्या मध्यातून खाली एक उभी रेघ सोडून बघा. ती दोन पावलांच्या मधल्या जागेत किंवा भार पेलणाऱ्या पायावर उतरली पाहिजे. रेघ बाहेर गेली तर ती बाई तोल सांभाळून उभी आहे असं कुणालाच वाटणार नाही, मासे कितीही असोत.

अभिप्राय देणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा: काम कुठल्या टप्प्यावर आहे आणि तुला काय दाखवायचंय? ब्लॉक-इन, म्हणजे मोठे आकार ढोबळपणे भरणं, चालू असेल तर पोझ, सिल्हूट (आकृतीची बाह्याकृती) आणि उजेडाची दिशा एवढंच बोलावं. तेव्हा पापण्यांवर बोलण्यात अर्थ नाही. काम संपत आलं असेल तर पोझ बदलायला सांगणं क्रूरपणाचं आहे. दोन-तीन करता येण्याजोग्या गोष्टी सांगाव्यात, बाकीच्या पुढच्या चित्रासाठी.

वाक्यात जागा, दिसणारी गोष्ट, कारण आणि उपाय हे चारही यायला हवेत. ‘स्किन टोन सुधार’ याला मी अभिप्राय म्हणणार नाही. असं म्हणावं: ‘उजव्या गालावरची सावली राखेसारखी दिसतेय. तू मूळ रंगात नुसता काळा मिसळलायस, त्यामुळे लाली मेली. ह्यू (रंगछटा) तांबड्याकडे सरकव आणि उजेड-सावलीच्या सीमेवर सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा नव्हे, तर भडकपणा) वाढव.’ सावळ्या त्वचेवर ही चूक सर्रास होते आणि तिची जोडीदार म्हणजे हायलाइटमध्ये ओतलेला पांढरा, ज्याने गाल खडू फासल्यासारखा दिसतो. सावळ्या त्वचेवरची चमक आजूबाजूचा रंग घेते. पहाटेच्या आकाशाकडून ती निळसर येईल, डॉकवरच्या दिव्याकडून त्या दिव्याच्या रंगाची. म्हणूनच दोन्ही बाजूंनी झळाळती रिम लाइट (आकृतीच्या कडेवरची उजेडाची रेघ) दिसली की विचारायचं, हा उजेड येतोय कुठून?

कपड्यांबाबत शब्दांपेक्षा रेफरन्स द्यावा. नऊवारी, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, घागऱ्यासारखं रंगवलेलं फार दिसतं. काष्टा दोन पायांमधून मागे जाऊन कमरेत खोचलेला असतो, तेव्हा चुण्यांचा ताणही तिकडेच धावायला हवा. चित्रकार म. वि. धुरंधरांची (१८६७–१९४४) स्त्रियांची रेखाटनं यासाठी बघावीत. कापडाखाली शरीर कसं उभं आहे ते त्यांच्या रेषेत कळतं.

पेंट-ओव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या चित्रावर स्वतः दुरुस्ती रंगवून दाखवणं, करायचं तर आधी विचारून, वेगळ्या लेयरवर, आणि शक्यतो नुसत्या रेषांत. समोरच्याचं चित्र आपल्या शैलीत रंगवून परत देणं ही मदत नव्हे.

आता घेणाऱ्याची बाजू. ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘छान’ मिळेल. ‘चेहऱ्याआधी पाटीकडे नजर जातेय का?’ असं विचारा. दाखवण्याआधी कॅनव्हास आडवा फ्लिप करून बघा (क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं एम दाबलं की होतं). वाकडे डोळे आणि कललेला जबडा तुमचा तुम्हालाच सापडेल. चित्र बोटभर आकाराचं करूनही बघा, कारण निम्मे लोक ते लोकलमध्ये उभ्याने मोबाईलवर बघणार आहेत. एक्सपोर्ट एसआरजीबी या बहुतेक स्क्रीनवर चालणाऱ्या रंगप्रणालीत करा, नाहीतर समोरच्याच्या स्क्रीनवर रंग वेगळेच दिसतील आणि सगळी चर्चा त्यावरच होईल.

ऐकताना लगेच खुलासा देऊ नका; चित्रासोबत तुम्ही सगळीकडे जाणार नाही. मोठे डोळे, लांब हात ही मुद्दाम निवडलेली शैली असेल तर ते आधीच सांगून टाका. तिघांनी एकाच जागेबद्दल तीन वेगळे उपाय सांगितले, तर जागा नक्की बिघडली आहे. उपाय मात्र तिन्ही चुकीचे असू शकतात. बदल करण्याआधी फाइलची प्रत ठेवा, लेयरच्या नव्या ग्रुपमध्ये करून बघा, जुनं-नवं आलटून पालटून लावा. आणि बदललेलं चित्र सांगणाऱ्याला परत दाखवा. फरक पडला नसेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे खरं कारण कुठे आहे ते दोघांना पुन्हा शोधता येईल.