एस्पोसितो आडनावाचा माग

आज दिवसभर इटलीतल्या नेपल्सच्या जुन्या जन्मनोंदी चाळल्या. पानोपानी एस्पोसितो! आजही त्या शहरात हेच आडनाव सर्वाधिक आढळतं. अर्थ 'उघड्यावर ठेवलेला'. टाकून दिलेल्या बाळांना हे आडनाव मिळायचं. अशी बाळं सांभाळणाऱ्या अनुन्झियाता संस्थेच्या भिंतीत फिरतं लाकडी चाक होतं. बाहेरून मूल ठेवायचं, चाक फिरवायचं, आत दाई उचलून घ्यायची. ठेवणाऱ्याचा चेहरा कुणालाच दिसत नसे. हे चाक १८७५ मध्ये बंद झालं. त्याआधीच, नेपल्सच्या म्युरा राजाच्या काळात, अशा मुलांना हे आडनाव द्यायला बंदी आली होती. कलंक जन्मभर चिकटायचा ना.

पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांची नेमकी चूक होते ती इथे: दोन एस्पोसितो म्हणजे एक घराणं, असं धरून चालतात. मूळ पुरुष शेकडो, एकमेकांशी नातं शून्य. म्हणून आडनावावरून नाही, आईवडिलांची नावं, गल्ली आणि वय जुळवत एकेक पिढी मागे जा. बायका माहेरच्या नावानेच सापडतात. नागरी नोंदी १८०९ पासून. त्यामागे चर्चची बाप्तिस्मा-पुस्तकं. स्पोसितो, देस्पोसितो हेही तपासा. माग चाकापाशी पोचला की वंशावळ बहुधा तिथेच थांबते. उरते बाळाच्या कपड्यांची, गळ्यातल्या खुणेची नोंद.

मिलानमध्ये अशाच मुलांना कोलोंबो, म्हणजे कबूतर, हे आडनाव देत, कारण तिथल्या रुग्णालयाचं चिन्ह कबूतर.