नॉट गिव्हन

परदेशी जायच्या तयारीतल्या नर्सना मी संभाजीनगरात आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचं रीडिंग शिकवतो. तासाभरात तीन उतारे, 40 प्रश्न. विषय काय वाट्टेल तो येतो: मधमाश्या, जुनी नाणी, हिमनद्या, चॉकलेटचा इतिहास. नाइट करून थेट क्लासला आलेल्या मुलींना पेंग्विनवर दोन पानं वाचायला लावायची म्हणजे शिक्षाच. म्हणून एकदा म्हटलं, उतारा जवळचा घेऊ.

2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हाची इंग्रजी कात्रणं माझ्याकडे होती. त्यांवरून उतारा रचला. उल्का आदळून काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेलं विवर, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, पाणी सलाइन आणि अल्कलाइन, रंग कदाचित शेवाळामुळे बदलला असावा, वगैरे. खाली 13 प्रश्न, त्यात सगळ्यांचा नावडता प्रकार. उताऱ्याशी जुळलं तर ट्रू, विरुद्ध असेल तर फॉल्स, उताऱ्यावरून ठरवता येत नसेल तर नॉट गिव्हन. 'शेवाळामुळे पाणी गुलाबी झालं' हे विधान मी मुद्दाम घातलं होतं. उताऱ्यात नुसता अंदाज आहे, म्हणून नॉट गिव्हन. खूश होतो मी स्वतःवर.

वर्गात एक मुलगी खुद्द लोणारची निघाली. एरवी पहिल्या तिघीचौघींतली. त्या दिवशी तिला 13 पैकी 6. ज्यांनी लोणार कधी पाहिलंही नाही, त्यांना 9-10.

"शेवाळाला फॉल्स का लिहिलंस गं?"

"शेवाळ नव्हतंच ते, सर. पाण्याचे नमुने पुण्याला आघारकर संस्थेत गेले होते. हॅलोआर्किया निघाले, खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. आमच्याकडं पोराटोराला माहितीय."

"पण उताऱ्यात आहे का तसं?"

"नाही."

"मग?"

"मग उतारा चुकलाय."

वर्ग हसला. परीक्षेत आपलं ज्ञान घरी ठेवून यायचं असतं, हे माझं ठरलेलं वाक्य मी टाकलं. ती गप्प बसली, पण पटलेलं काही दिसेना.

सुटलो असं वाटून मी शब्दार्थांकडे वळलो. अल्कलाइन म्हणजे खारट, असं फळ्यावर लिहिलं. गेली कित्येक वर्षं मी तेच लिहीत आलोय. पुन्हा हात वर.

"खारट म्हणजे सलाइन, सर. अल्कलाइन वेगळं. तिथलं पाणी बोटांवर चोळलं की बुळबुळीत लागतं, धुण्याच्या सोड्यासारखं. पीएच दहाच्या आसपास आहे त्याचा, सातच्या वर म्हणजे अल्कलाइन."

मी म्हणजे बी. ए. इंग्लिश. शाळेत आम्ल-आम्लारी पाठ केलं होतं, लिटमसचा निळा-तांबडा कागदही आठवत होता, पण ते आम्लारी आणि हे अल्कलाइन एकच, हे डोक्यात कधी जुळलंच नव्हतं. इंग्रजी शिकवणाऱ्याला उताऱ्यातलं विज्ञान कळतं, असा एक गोड गैरसमज वर्गात असतो आणि आम्ही तो मोडत नाही. फळा पुसला. तिलाच पुढं बोलावलं. तिनं रक्ताच्या पीएचपासून सुरुवात केली, 7.35 ते 7.45, त्याच्या खालीवर गेलं की पेशंटचं काय होतं, आणि तिथून लोणारच्या दहावर आली. नर्सच सगळ्या, चटकन समजल्या. माझ्या 'खारट'नं काय समजल्या असत्या कोण जाणे.

त्या रात्री उतारा दुरुस्त केला. शेवाळाचा अंदाज ठेवला, पण पुढे आघारकरचा निष्कर्ष जोडला. म्हणजे त्या विधानाचं उत्तर आता खरोखरच फॉल्स झालं. विवराच्या काठावरच्या 'धार' नावाच्या झऱ्याचा एका ओळीत उल्लेख केला आणि नवं विधान घातलं: 'धारेचं पाणी गोड आहे.' उताऱ्यात चवीबद्दल अवाक्षर नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिचा पेपर तपासला. 13 पैकी 13. धारेच्या प्रश्नापुढे नीट 'नॉट गिव्हन' लिहिलेलं होतं आणि शेजारी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: 'पण गोडच आहे.'