मूळसंख्येच्या शेवटी शून्य

सोमवारी सकाळी डॅशबोर्ड उघडला तर ६४ पैकी चारच वर्कर (कामं वाटून घेणारे प्रोग्रॅम) राबत होते, बाकीचे साठ ढिम्म. गेल्या आठवड्यापर्यंत सगळ्यांवर सारखं काम पडायचं. कोडला कुणी हात लावला नव्हता. निदान कबूल तरी कुणी करत नव्हतं.

राबणाऱ्या चौघांचे नंबर पाहिले: ५, २१, ३७, ५३. नेमकं सोळाचं अंतर. मनात पाल चुकचुकली.

आमची वाटणी साधी आहे. प्रत्येक कामाच्या आयडीला एका मोठ्या संख्येने गुणायचं, एक ठरावीक संख्या मिळवायची, २३०५८४३००९२१३६९३९५१ ने भागून बाकी घ्यायची. त्या बाकीला ६४ ने भागून जे उरेल तो वर्कर. ही एकोणीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६१ वा घात वजा १, मर्सेन मूळसंख्या. बायनरीत ओळीने ६१ एक. त्यामुळे भागाकार न करताच बाकी काढता येते: ६१ बिटांच्या (बायनरी अंकांच्या) वरचा तुकडा कापून खालच्यात मिळवायचा. आम्ही ती सोय न वापरता संख्या कॉन्फिगमधून, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमधून वाचत होतो. वापरली असती तर हा दिवस उगवलाच नसता.

कॉन्फिग उघडली. २३०५८४३००९२१३६९४०००. मी दोनदा वाचून पुढे गेलो, कारण पहिले पंधरा अंक तंतोतंत जुळतात. शेजारच्या सहकारिणीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "अरे, मूळसंख्येच्या शेवटी शून्य कसं येईल?"

गुरुवारी या फाइलमधली भलतीच एक नोंद बदलायला कुणीतरी जावास्क्रिप्टची स्क्रिप्ट चालवली होती. कुणीतरी म्हणजे मीच. तिथल्या साध्या संख्येला ५३ बिटांचीच अचूकता, त्यामुळे एवढ्या वर गेल्यावर दर २५६ व्या संख्येलाच जागा मिळते. आमच्या संख्येला सर्वात जवळची जागा होती २ चा ६१ वा घात, म्हणजे दोनाशिवाय दुसरा मूळ अवयवच नसलेली शेजारीण. फाइलमध्ये परत लिहिताना तिचेही शेवटचे अंक गोल झाले.

नवी संख्या म्हणजे १६ गुणिले १४४११५१८८०७५८५५८७५. आमचे आयडी सगळे १०२४ च्या पटीतले. सोळाच्या पटीला सोळाच्याच पटीने भागलं की बाकीही सोळाच्या पटीतच उरते; मिळवलेल्या ठरावीक संख्येमुळे ती फक्त सरकते, म्हणून ५, २१, ३७, ५३. खऱ्या मूळसंख्येचा आयडींशी सामाईक अवयव नसल्यामुळे ही पट मोडते आणि काम सगळीकडे विखुरतं.

खरी संख्या परत लिहिली आणि अवतरणचिन्हांत घातली, म्हणजे ती मजकूर म्हणून वाचली जाईल, गोल होणार नाही. शिवाय प्रोग्रॅम सुरू होताना ल्युका-लेमर चाचणी बसवली: ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, आपल्याच संख्येने भागून बाकी घ्या, असं ५९ वेळा, शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. खऱ्या संख्येशी नुसती तुलना पुरली असती, असं सहकारिणीने लगेच सुनावलं. बरोबरच होतं, पण १८८३ मध्ये पेर्वुशिन नावाच्या रशियन धर्मगुरूने ही संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं ते हाताने आकडेमोड करून, आणि मला निदान एकदा तिची परीक्षा बघायची होती. गंमत म्हणजे या मूळसंख्यांना ज्याचं नाव मिळालं त्या मर्सेनच्या १६४४ च्या घातांच्या यादीत ६१ नाहीच, ६७ आहे, आणि ते चूक आहे. छापताना ६१ चं ६७ झालं असावं, असाही एक तर्क आहे.

एकोणसाठाव्या फेरीला शून्य आलं. डॅशबोर्डवर तोवर साठही वर्कर हलायला लागले होते.