जास्तीचे

दसरा नुकताच झाला होता. दुपारी मागच्या अंगणात धने रगडत बसले होते, अख्खा धना पेरला की कोथिंबीर किती नखरे करते ते काय सांगायला नको, आणि ओटल्यावरच्या थर्माकोलच्या डब्यातून चिवचिव ऐकू आली. डबा बंद, अंडी अख्खी, एकालाही तडा नाही. बाहेर यायच्या आदल्या दिवशी पिल्लू आतल्या आत पडदा फोडतं, अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते तिथे पहिला श्वास घेतं आणि कवच फुटायच्या आधीच बोलायला लागतं, हे दादाने इतक्या वेळा ऐकवलं होतं की पाठ झालं होतं. तरी हात थांबलाच. अजून जन्मालाही आलं नाहीये आणि तक्रार सुरू.

डबा दादाचा. झाबुआला कामाला गेला होता तो येताना कडकनाथची अंडी घेऊन आला, गाडीत मांडीवर ठेवून. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय टॅग (मूळ ठिकाणाच्या नावाचा सरकारी शिक्का) मिळाला तेव्हापासून त्याचे भाव तर विचारूच नका. कातडी काळी, मांस काळं, हाडंसुद्धा काळपट, आणि अंडं मात्र साधं फिकट बदामी, मला तर फसवणूकच वाटली. बरं एवढी नावाजलेली कोंबडी, पण खुडूक बसायचं म्हणलं की नको, म्हणून तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवतात. आमच्याकडे गावठी कोंबडी कुठली, म्हणून हे अंडी उबवायचं मशीन. साडेसदतीस डिग्री, पाण्याची वाटी, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची आणि मग एकविसाव्यापर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. दादाचा हात काही राहीना म्हणून वहिनीने सरळ सेलोटेप लावून टाकली.

आमच्या आजीकडे ना डिग्री ना सेलोटेप. छत्रीबागेतल्या जुन्या घरी मागे न्हाणीला लागून खुराडं होतं. एखादी कोंबडी अंगाची पिसं फुलवून, जवळ गेलं की टोचायला धावून, जागचं हलेनाशी झाली की आजी म्हणायची, बसली गं बाई. मग टोपलीत भुसा, त्यावर अंडी, तीही विषमच, अकरा नाहीतर तेरा, का ते विचारायचं नाही. आठवड्याने रात्री कंदिलासमोर एकेक अंडं मुठीत धरून बघायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की परत टोपलीत, काहीच नाही दिसलं की बाजूला. मला एकदा दाखवलं होतं. जाळ्याच्या मध्ये एक काळा ठिपका होता आणि तो हलला. मी किंचाळले, आणि ओरडा कशाचा खाल्ला तर कोंबडी दचकली म्हणून.

पिल्लांना नाव ठेवायचं नाही हा तिचा अजून एक नियम. आम्ही लपूनछपून ठेवायचो. तिला कळलं की नुसतं बघायची आमच्याकडे.

पण मला सांगायचं होतं वाफ्यांबद्दल. माळव्याची काळी माती म्हणजे पावसाळ्यात चप्पल सोडत नाही आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये हात जातो, बागेसाठी तिला भुसभुशीत करायची तर खत पाहिजेच. खतावरून आमच्याकडे रोज वाद. बाबांचं म्हणणं ओला कचरा गाडीतच टाका, शहराचा स्वच्छतेतला पहिला नंबर जाईल. अहो बाबा, शहराचं ऱ्हाऊ द्या, कंपोस्टच्या जगात इंदूरचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे! अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज १९२४ ते १९३१ इथेच होता, त्याने आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राची माती, राख असे थर लावून, मधेमधे उलथून तीनेक महिन्यांत खत करायची पद्धत बसवली, तिला आजही जगभर इंदूर पद्धत म्हणतात. एवढं सगळं सांगितलं तर बाबा म्हणाले, त्याच्याकडे बैल होते. झालं, विषय संपला. कोंबड्यांच्या खतावर सध्या माझी मदार आहे, पण ते ताजं टाकलं तर रोपं जाळतं, सुक्या पानांत मिसळून काही महिने मुरू द्यावं लागतं, म्हणजे यंदाच्या मेथीला काही ते मिळणार नाही. आणि कोंबड्या आणि वाफे एका अंगणात सुखाने नांदतात असं कोणी सांगितलं तर त्याने कोंबडीला मऊ मातीत लोळताना बघितलेलं नाही एवढं नक्की. आमची पिल्लं मुठीएवढी असतानाच पालकाच्या वाफ्यात अंघोळ करून आली.

मला खरा त्रास मुळ्याचा आहे. मुळ्याचं बी हाताने फेकलं की दाटच पडतं, चार-पाच दिवसांत हिरवीगार गर्दी, आणि मग विरळणी. दोन रोपांत चार बोटं जागा सोडून मधली उपटायची. ही मधली काही रोगट नसतात हो, शेजारच्यासारखीच टवटवीत असतात, फक्त जागा चुकली. माझ्याने होतच नाही. उपटलेली दुसरीकडे लावावी तर मुळा असा हलवलेला चालत नाही, खाली वेडावाकडा फाटतो. म्हणून दरवर्षी आमच्याकडे मुळा शेपटीएवढा आणि पाला मात्र ढीगभर. आजी बोलता बोलता अख्खा वाफा विरळ करायची, उपटलेलं सगळं ओच्यात, आणि संध्याकाळी त्याचीच पीठ पेरून भाजी. काय लागायची! दोन पोळ्या जास्त जायच्या.

थंडी पडली तशी पिल्लांना ऊब पाहिजे म्हणून बल्ब शोधत महाराणी रोडवर फिरले. सगळीकडे एलईडी, त्याचा उजेड भरपूर पण ऊब शून्य. शेवटी एका दुकानातल्या काकांनी वरच्या फळीवरून धूळ झटकत जुना पिवळा शंभरचा काढून दिला आणि म्हणाले, अब कौन लेता है भिया. दीदी नाही, भिया. इंदूर आहे.

आता पिल्लं बरीच मोठी झालीयेत. दादाच्या चिनूने नावं ठेवलीत, काळू, शनी, आणि एकाच्या पाठीवर पोह्यांवर भुरभुरतात त्या जीरावन मसाल्यासारखे भुरकट शिंतोडे आहेत म्हणून जीरावन. अंड्यांतून साधारण अर्धे कोंबडेच निघणार, आणि दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा खूप होतो, त्यात ही कॉलनी, पहाटे आरवलं की शेजारच्यांचा फोन. कडकनाथचा तुराही काळपट त्यामुळे रंगावरून कळत नाही, पण आकार लपत नाही. जीरावनचा तुरा सगळ्यात मोठा आहे. दादाने बघितलाय, वहिनीनेही बघितलाय, जेवताना कोणी विषय काढत नाही.

काल चिनू विचारत होता, आत्या, जीरावन अंडी कधी देणार?

म्हणलं, संक्रांत होऊ दे. त्याने लगेच जाऊन कॅलेंडरवर खूण केली.