ऑफसेटला स्वतःचा टाइप दिला, त्याची गोष्ट

रस्ट भाषेतल्या एका पार्सरचे (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्राम) सगळे ऑफसेट, म्हणजे मजकुरातल्या जागांचे आकडे, यूसाइझ या साध्या पूर्णांकाच्या टाइपवरून टेक्स्ट-साइझ या क्रेटवर (तयार लायब्ररीवर) आणायचं काम नुकतंच हातावेगळं केलं. अजून कुणी याच वाटेवर असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

आमच्या कोडमध्ये यूसाइझ म्हणजे कधी बाइट ऑफसेट, कधी कॅरेक्टरांची संख्या, कधी टोकनचा (कोडमधल्या सुट्या शब्दाचा किंवा चिन्हाचा) इंडेक्स. कंपायलरला सगळे सारखेच. साध्या इंग्रजी मजकुरात बाइट आणि कॅरेक्टर जुळतात, म्हणून टेस्ट पास होत राहतात. देवनागरी कॉमेंट आली की पितळ उघडं पडतं. ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर. पण कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) ४, यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये युनिट ४ आणि यूटीएफ-८ मध्ये बाइट १२. त्यात रस्टची स्ट्रिंग कॅरेक्टरच्या मधोमध कापायला गेलं की थेट पॅनिक, म्हणजे प्रोग्राम तिथेच कोसळतो.

सुरुवात लेक्सरपासून, म्हणजे मजकुराचे टोकन पाडणाऱ्या भागापासून केली. टोकनच्या स्ट्रक्टमध्ये टेक्स्टरेंज (क्रेटमधला सुरुवात आणि शेवट धरणारा टाइप; एकट्या ऑफसेटचा टाइप टेक्स्टसाइझ) घातली आणि पुढे काय बदलायचं याची यादी कंपायलरकडून घेतली. एररचा नुसता पाऊस! अशा वेळी दिसेल तिथे इनटू (टाइप बदलून देणारी मेथड) ठोकून मोकळं व्हावंसं वाटतं, पण मग टाइप आणून उपयोग काय? म्हणून नियम केला: रूपांतर फक्त सीमेवर, आत कुठेही नाही. लांबी हवी तर लेन नाही, टेक्स्टसाइझचं ऑफ. तुकडा हवा तर स्ट्रिंगला सरळ टेक्स्टरेंजच द्यायची, ती सोय क्रेटमध्येच आहे. एरर दाखवणाऱ्या भागात बाइट ऑफसेटमध्ये कॅरेक्टरांची संख्या मिळवलेली होती, ती ओळ इथेच कंपायलरने अडवली.

ऑफसेट रेंजमध्ये आहे का ते सांगणाऱ्या कन्टेन्सपाशी मात्र जपून. रेंजचा शेवट त्यात धरला जात नाही, त्यामुळे कर्सर कोडमधल्या एखाद्या नावाच्या अगदी शेवटी असेल तर उत्तर ‘नाही’ येतं. तिथे कन्टेन्स-इन्क्लुझिव्ह वापरायचं. टेक्स्टसाइझच्या आतला आकडा यू३२ (३२ बिटांचा) असल्याने फाइल ४ जीबीच्या आत हवी. सोर्स कोडला ते पुरून उरतं. ६४ बिट मशीनवर यूसाइझची रेंज १६ बाइटची, ही ८ बाइटची. शिवाय ही आपोआप कॉपी होते, त्यामुळे हाताने लिहिलेले बरेच क्लोन गळाले.

एडिटरशी बोलणारा भाग मात्र क्रेटच्या कक्षेत येत नाही. एलएसपीमधला (एडिटर आणि भाषेची साधनं यांच्यातला प्रोटोकॉल) कॉलम मुळात यूटीएफ-१६ युनिटांत मोजला जातो (आवृत्ती ३.१७ पासून दोन्ही बाजूंना दुसरं एन्कोडिंग ठरवता येतं, पण जुने क्लायंट आहेतच). त्यासाठी वेगळा टाइप लिहिला आणि मुद्दाम बेरीज दिली नाही. त्या ओळीचा मजकूर हातात असल्याशिवाय कॉलम ऑफसेटमध्ये बदलताच येत नाही.

एक भोक अजून आहे. टेक्स्टसाइझला फाइलच्या सुरुवातीपासूनचा ऑफसेट आणि एखाद्या नोडच्या (पार्सरने केलेल्या झाडातल्या एका भागाच्या) आतला ऑफसेट यांतला फरक कळत नाही. दोन्ही बिनबोभाट मिळवता येतात. त्यासाठीही टाइप करावा का, यावर आमच्यात एकमत नाही. माझं मत ‘करावा’ असं आहे.