आज लागोपाठ दोन तास

शनिवार, संध्याकाळ

डोक्याला मार लागल्यानंतर हळूहळू शाळेत परततेय. आज पाचवी आणि सहावीचा तास लागोपाठ घेतला. मधे स्टाफरूममध्ये डोळे मिटून बसावं लागलं नाही. घरी पोचले तेव्हा डोकं जड होतं, पण चहा होईतो उतरलं. डॉक्टरांनी माप दिलंय ते हेच. काही केल्यावर त्रास थोडा वाढला आणि तासाभरात ओसरला तर चालेल. रेंगाळला तर एक पाऊल मागे यायचं, पण अंथरूण धरायचं नाही.

आईला हे अजून पटत नाही. शाळेच्या ओल्या जिन्यावर पाय घसरून डोकं पायरीवर आपटलं, तेव्हापासून तिचं एकच, "पडून राहा गं, डोक्याचा मार आहे." त्या रात्री तिने डोळ्याला डोळा लावला नाही. उलट्या, वाढती डोकेदुखी, बरळणं, यातलं काही दिसलं की तडक दवाखाना गाठायचा होता. पूर्वी डॉक्टरही अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. २०२२ साली अॅमस्टरडॅमला खेळाडूंच्या कन्कशनवर, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचं काम काही काळ बिघडतं त्यावर, तज्ज्ञांची परिषद झाली. २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग हलकं चालणं-फिरणं, असं तिच्या निवेदनात आहे. मलाही त्याच मार्गाने बरं वाटतंय. आधी गच्चीवर फेऱ्या, मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, मग शाळेत अर्धा दिवस.

सगळ्यात जास्त दमवलं ते वाचनाने. भूगोलाचे पेपर तपासायला घेतले, तर एकच ओळ पुन्हापुन्हा वाचूनही डोक्यात शिरेना. पोराने 'मान्सून परतीचा पाऊस' लिहिलं होतं, शब्द ओळखीचे, अक्षर ओळखीचं, पण त्याला किती गुण द्यायचे ते सुचेना. ट्यूबलाइट बंद करून खिडकीच्या उजेडात बसले तेव्हा जमलं, तेही चार-पाच पेपर. मिक्सरचा आवाज तर अजूनही सहन होत नाही.

आणि लोक म्हणतात, "सीटी स्कॅन नॉर्मल आला ना, मग काय!" मला हे फार लागतं. सीटीत रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. हादरलेल्या पेशींचं बिघडलेलं काम त्यात दिसत नाही. प्लास्टर असतं तर बसमध्ये कुणी उठून जागा तरी दिली असती.

सहावीतला एक क्रिकेटवेडा मधल्या सुट्टीत येऊन विचारत होता, "बाई, तुमच्या जागी हिंदीच्या बाई आल्या, तसाच जडेजाच्या जागी चहल आला होता ना?" बरोबर होतं त्याचं. २०२०, कॅनबेरा. जडेजाच्या हेल्मेटला चेंडू लागला, आणि चहलने येऊन तीन बळी घेतले. कन्कशनसाठी बदली खेळाडू द्यायचा नियम २०१९ पासून आहे. मैदानावर हे मान्य झालं, पण शाळेत, बँकेत, कारखान्यात डोक्याला मार लागलेल्या माणसाला रजा मोजत कामावर यावं लागतं. हिंदीच्या बाईंनी न मागता माझे तास उचलले. सगळ्यांना अशा सहकारी मिळत नाहीत, म्हणून हा नियम कामाच्या ठिकाणीही हवा.

सोमवारी तिसरा तास मागून घेणार आहे, सातवीचा. तो वर्ग गोंगाटाचा आहे, म्हणून सुरुवातीला नकाशा भरायला देईन. झेपलं नाही तर मंगळवारी पुन्हा दोनच तास.